आजोळच्या पेटीतला चांदीचा टंका: खरा की ओतीव?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पैठणजवळच्या आजोळच्या घरात, देवघराखालच्या पेटीत एक चांदीचं नाणं मिळालं. दोन्ही बाजूंना अरबी वळणाची अक्षरं, चित्र कुठेच नाही. वजन १०.८२ ग्रॅम. आडवं मोजलं तर २७ मिलिमीटर, उभं मोजलं तर २५. एका बाजूचा मजकूर डावीकडे सरकून कडेबाहेर गेलाय, कडेला एक चीर आहे, मागे छिन्नीचा छोटा घाव आहे आणि सगळ्यावर काळपट थर चढलाय. गावातल्या सराफाने “गोल नाही, अक्षरं तुटलेली आहेत, म्हणजे नकली” असं सांगितलं. नाणं खरं आहे का, कोणाचं आहे, घासून स्वच्छ करावं का आणि विकलं तर काय येईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

सगळ्यात आधी स्वच्छतेचं सांगतो, कारण बाकी सगळं उशिरा कळलं तरी चालेल, हे नाही. नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, भांडी घासायची पावडर नको, सोनाराकडचं “पाणी” तर अजिबात नको. का, ते पुढे येईलच.

आता सराफाच्या निकालाकडे. त्याचा दोष नाही. तो रोज यंत्रावर पाडलेली नाणी आणि बिस्किटं बघतो, गोलाई आणि सारखेपणा हीच त्याची खऱ्याची खूण. तुमच्या वर्णनावरून हे नाणं दिल्ली किंवा दख्खनच्या सुलतानांच्या काळातला चांदीचा टंका, म्हणजे त्यांचं मुख्य चांदीचं नाणं, वाटतं, आणि त्या काळी नाणं घणाच्या घावाने पाडत. ज्या दोन गोष्टींवरून त्याने नाणं बाद केलं, त्या दोन्ही हाताने पाडलेल्या नाण्यात अगदी सहज येतात. त्यांच्यावरून नाणं खोटं ठरत नाही. खरंही ठरत नाही, कारण नकला करणाऱ्यांनाही त्या ठाऊक आहेत. म्हणून नाणं कसं तयार व्हायचं हे एकदा नीट समजून घ्या, मग भिंगाखाली काय शोधायचं ते आपोआप कळेल.

टाकसाळीत चांदी आली की आधी तिचा कस बघायचे, हीण काढून ती शुद्ध करायचे. दिल्लीच्या टाकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू नावाच्या जैन अधिकाऱ्याने १३१८ साली प्राकृतात एक ग्रंथ लिहून ठेवलाय, त्यात धातू शुद्ध करण्याच्या रीती आणि निरनिराळ्या राजांच्या नाण्यांत किती चांदी, किती तांबं, हे दिलंय. खलजींच्या काळातली टाकसाळ आतून पाहिलेल्या माणसाची ही नोंद आहे; नाण्यांचा नाद असलेल्याने एकदा तरी ती वाचावी. शुद्ध चांदी ओतून तिच्या कांड्या करायच्या, कांड्यांचे तुकडे तोडायचे, ते ठोकून चपटे करायचे आणि वजनात बसवायचे. जड असला तर कडेने छाटायचा. आकार गोल आला का, याची फारशी फिकीर कोणी करत नसे. वजन आणि कस चोख असला की झालं. तुमच्या नाण्याच्या मापातला दोन मिलिमीटरचा फरक इथून येतो.

मग ठसा. अक्षरं पोलादावर उलटी कोरलेली. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात किंवा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये चांदीची चकती आणि वरून घण. अबुल फजलने अकबराच्या टाकसाळीतली माणसं एकेक करून नोंदवली आहेत, त्यात ठसा कोरणारा मुहरकन वेगळा, चकत्या कापणारा जर्राब वेगळा, चकती दोन ठशांच्या मध्ये धरणारा सिक्काची वेगळा आणि घण मारणारा आणखी वेगळा. ती नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरची, पण रीत तीच जुनी. वरचा ठसा हातात असल्यामुळे दर घावाला तो थोडा फिरतो, थोडा कलतो. म्हणून एक बाजू सरळ धरून नाणं उलटलं तर दुसरी बाजू कुठल्याही कोनात आलेली दिसते. चकती मध्यावर बसली नाही की मजकूर कडेबाहेर जातो. घाव तिरका बसला की एका अंगाची अक्षरं खोल आणि दुसऱ्या अंगाची पुसट. आणि चकती पातळ होत बाहेर पसरताना कड ताणली जाते, तिथे ती फाटते. तुमच्या नाण्याची चीर बहुधा तीच.

या चिरेपासूनच सुरुवात करा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजीकडचं असलं तरी चालेल. नाणं मऊ टॉवेलवर धरा, म्हणजे निसटलं तरी आपटणार नाही. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, आणि चीर असलेलं नाणं फरशीवर पडून दोन तुकडे होतात. उजेड एका बाजूने, तिरका पाडा. चिरेच्या आत बघा. खरी चीर कडेला रुंद असते आणि मध्याकडे जाताना निमुळती होत केसासारखी संपते. आतल्या भिंती खडबडीत, साखरेच्या तुटलेल्या खड्यासारख्या दाणेदार दिसतात आणि चीर या बाजूने त्या बाजूला आरपार गेलेली असते. ओतीव नक्कल साच्यातून येते, साचा मूळ नाण्यावरून घेतलेला असतो, त्यामुळे चीरही त्यात उतरते. पण उतरते ती नुसती खाच म्हणून. तळ भरलेला, भिंती गुळगुळीत, मागच्या बाजूला पोचतच नाही किंवा पोचली तर वेगळ्याच जागी. चिरेचा तळ नीट दिसेपर्यंत भिंग हलवू नका. एवढी एक गोष्ट बघितली तर अर्ध्याअधिक नकला तिथेच गळतात.

मग अक्षराचा पाय बघा, म्हणजे अक्षर जिथे सपाट पृष्ठातून वर उठतं ती जागा. घावाखाली चांदी ठशाच्या खोबणीत दाबली जाते, त्यामुळे तिथला कोन तीक्ष्ण असतो आणि अक्षराच्या बाजूने कडेकडे धावणाऱ्या बारीक रेघा दिसतात. धातू सरकल्याच्या त्या खुणा. ओतीव नाण्यात तो कोन भरून निघालेला, अक्षराचे खांदे गोलावलेले, आणि पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे बारीक खड्डे असतात, कारण वितळलेल्या चांदीत अडकलेली हवा तिथून फुटून गेलेली असते. फक्त एक सावधगिरी: जमिनीत पुरलेल्या खऱ्या नाण्यालाही क्षारांनी खड्डे पडतात. फरक असा की क्षारांचे खड्डे वेडेवाकडे, कुठे दाट, कुठे नाहीत असे असतात आणि अक्षरांच्या माथ्यावरही दिसतात. हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे गोल असतात आणि बहुतेक अक्षरांच्या सांध्यात दडलेले असतात.

कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ किंवा ती घालवण्यासाठी मारलेले कानशीचे समांतर ओरखडे दिसतात का ते बघा. नुसता एखादा ओरखडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, वजन जुळवताना टाकसाळीतही कड छाटत. पूर्ण घेरभर एका दिशेने कानस फिरलेली असेल तर मात्र संशय घ्या.

मागचा छिन्नीचा घाव हा दोष नाही, ती तपासणी आहे. नाणं सराफाच्या हातात आलं की आत तांबं आहे का हे बघायला तो कडेला किंवा पाठीवर घाव घाली, किंवा आपली बारीक खूण उठवी. बंगालच्या सुलतानांचे टंके तर अशा घावांनी आणि खुणांनी भरलेले असतात, तिथे स्वच्छ नाणं मिळणं हीच दुर्मीळ गोष्ट. तुमच्या नाण्याच्या घावात आतला रंग बघा. चांदीच दिसायला हवी, आणि घावाच्या आतही बाहेरच्यासारखाच काळा थर हवा. घावाच्या तळाशी लालसर तांबं दिसलं तर वरून मुलामा आहे. घाव चकचकीत आणि बाकी नाणं काळं असेल तर घाव ताजा आहे, म्हणजे कोणीतरी तो मुद्दाम जुनेपणा दाखवायला घातलाय किंवा अलीकडे कोणी तपासणी केलीय.

वाजवून बघायचा मोह होईल. करू नका. खणखणीत आवाज येणारं नाणं चांगलं, हे यंत्राच्या नाण्याला बरंचसं लागू पडतं, पण चीर गेलेलं अस्सल नाणं बदबद वाजतं. शिवाय आपटल्याने चीर वाढते.

वजन आणि घनता घरीच काढता येते. १०.८२ ग्रॅम हे वजन टंक्याला छान बसतं. दिल्लीच्या सुलतान इल्तुत्मिशने (१२११ ते १२३६) टंक्याचं जे मान ठरवलं ते साधारण ११ ग्रॅमचं, आणि पुढे शतकभर दिल्लीने ते बऱ्यापैकी टिकवलं. वापराने थोडी झीज होते, म्हणून १०.६ ते ११.१ यात बहुतेक टंके येतात. ९ ग्रॅमच्या आसपास चांदीचं नाणं आलं तर मुहम्मद तुघलकाचं अदली नावाचं नाणं असू शकतं, त्याने वजन मुद्दाम बदललं होतं. साडेअकराच्या जवळ गेलं तर शेरशहाचा किंवा मुघल रुपया, आणि मग सगळा विचारच वेगळ्या दिशेने करावा लागतो.

घनतेसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात असं बुडवा की ते तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं वजन त्याने भागा. उदाहरणार्थ १.०४ आला तर १०.८२ भागिले १.०४, म्हणजे १०.४. शुद्ध चांदी १०.४९, दहा टक्के तांबं असलेली चांदी १०.३ च्या जवळपास. जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे चांदीच नसलेल्या तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणाचं नाणं असेल तर आकडा १.२४ च्या घरात जाईल आणि घनता ८.७ वर येईल, तिथेच निकाल. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. पण लक्षात ठेवा, या चाचणीने धातू कळतो, वय नाही. आजची ९२५ ची (हजारात ९२५ भाग शुद्ध) चांदी ओतून केलेली नक्कल या परीक्षेत आरामात पास होते. म्हणून भिंगाचं काम आधी, काट्याचं नंतर.

आता नाणं कोणाचं. चित्र नाही, चांदी, हे वजन, हे माप आणि मराठवाड्यातलं घर, या सगळ्यावरून माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं अलाउद्दीन खलजीचं (१२९६ ते १३१६), आणि दुसरं बहमनींचं. अलाउद्दीनचे टंके भरपूर मिळतात. १२९६ साली गादीवर बसण्याआधी त्याने देवगिरी लुटली, पुढे त्याचा सेनापती मलिक काफूर याने वारंगळ, द्वारसमुद्र, मदुरा इथून खंडणी आणि लूट नेली, आणि त्यातली बरीच संपत्ती टाकसाळीत गेली. सैन्याचा पगार नाण्यांत द्यायचा होता. नाण्यांच्या संख्येत हे सगळं दिसतं.

त्याच्या टंक्यावर एका बाजूला असतं: अस्सुलतान अल-आजम, अलाउद्दुनिया वद्दीन, अबुल मुजफ्फर मुहम्मद शाह अस्सुलतान. अलाउद्दीन हा किताब, त्याचं नाव मुहम्मद शाह. दुसऱ्या बाजूला: सिकंदर अस्सानी, यमीन-उल-खिलाफत, नासिर अमीर-उल-मोमिनीन. म्हणजे दुसरा सिकंदर, खिलाफतीचा उजवा हात, मोमिनांच्या अमीराचा मदतनीस. या मजकुराभोवती किनारीने गोल फिरणारी ओळ असते, तिचा अर्थ “ही चांदी अमुक ठिकाणी, अमुक साली पाडली”. सालाचे आकडे नाहीत, साल अरबी शब्दांत लिहिलेलं, आणि तेही आधी एकं, मग दहं, मग शतक. हिजरी ७११ असेल तर आधी एक आणि दहाचे शब्द, मग सातशे, म्हणजे सबअमिआ. चकती सरकली की आधी ही किनारच कापली जाते, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर नुसतं “सातशे” उरतं आणि नेमकं वर्ष जातं. तुमच्या नाण्याची कोणती बाजू सरकली आहे, हे म्हणून महत्त्वाचं आहे. किनारीची बाजू शाबूत असेल तर टाकसाळ आणि साल दोन्ही मिळू शकतं.

हिजरीवरून इसवी सन काढायची साधी रीत: हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२. ७११ चं येतं १३११ ते १३१२. वर्षभराचा फरक पडू शकतो, कारण हिजरी वर्ष चांद्र आणि सुमारे अकरा दिवसांनी लहान.

टाकसाळीचं नाव बहुतेक नाण्यांवर हजरत देहली असतं. पण अलाउद्दीनच्या नाण्यांवर किला देवगीर हेही नाव येतं, आणि तुमच्या भागातून आलेलं नाणं असल्यामुळे किनार वाचताना ते मनात ठेवा. यादवांच्या राज्यात मुख्य चलन सोन्याच्या पद्मटंकांचं, आणि त्याच देवगिरीच्या किल्ल्यात दिल्लीच्या सुलतानाचं नाणं पडू लागलं. पुढे त्याचा मुलगा कुतबुद्दीन मुबारकने देवगिरीचं नाव कुतबाबाद केलं, तेही नाण्यांवर आहे, आणि चौकोनी नाणी पाडण्याची त्याला हौस होती. मुहम्मद तुघलकाच्या काळात हीच जागा दौलताबाद. त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायचा प्रयत्न केला, त्यातल्या काहींवर दौलताबादचा उल्लेख राजधानी म्हणून आहे. एकाच डोंगरी किल्ल्याची तीन नावं तीन राजांच्या नाण्यांवर वाचता येतात. मराठी संग्राहकाने इंग्लंडच्या आणि रोमच्या नाण्यांमागे लागण्याआधी हे तीन ठसे बघावेत असं मला मनापासून वाटतं.

बहमनींचा गुंता इथे येतो. १३४७ मध्ये अलाउद्दीन हसन बहमन शाह दौलताबादेत गादीवर बसला, आणि नाण्यांसाठी त्याने खलजीचाच नमुना उचलला. किताबही अलाउद्दीन, पाठीमागे तोच “दुसरा सिकंदर”. त्यामुळे कडा झिजलेलं नाणं हातात आलं की भले भले चुकतात. बघायचा असतो तो फक्त नावाचा शब्द. मुहम्मद या शब्दाच्या शेवटी दाल येतो, छोटा, कोपऱ्यात मुडपलेला, तिथेच संपणारा. बहमनच्या शेवटी नून येतो, खाली उतरून वाटीसारखा उघडा राहणारा. टिंबांवर विसंबू नका, नाण्यांवर ती पुष्कळदा सोडून दिलेली असतात. शाह या शब्दाच्या अलीकडचं अक्षर वाटीसारखं आहे की मुडपलेलं, एवढं बघा. वाटी दिसली तर नाणं खूपच वेगळ्या महत्त्वाचं ठरतं, कारण पहिल्या बहमनी सुलतानाचे टंके मोजकेच आहेत.

ते इतके कमी का, याबद्दल फिरिश्ता एक हकीकत देतो. विजापुरात बसून त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. तो म्हणतो की दुसऱ्या सुलतानाच्या, मुहम्मद शाहच्या (१३५८ ते १३७५) काळात विजयनगर आणि वारंगळच्या राजांच्या चिथावणीवरून सराफ बहमनी नाणी वितळवून टाकत, त्यांना दक्षिणेतलीच नाणी चालू ठेवायची होती. सुलतानाने दम दिला, ते ऐकेनात, तेव्हा त्याने सराफांची कत्तल केली. फिरिश्ता या घटनेनंतर दोनशे वर्षांहून जास्त काळाने लिहितोय आणि दरबाराची बाजू घेऊन लिहितोय, त्यामुळे तपशील जसाच्या तसा धरू नये. पण ज्या प्रदेशात लोकांचा हात सोन्याच्या छोट्या नाण्यांवर बसला होता, तिथे चांदीचा जड टंका रुजवणं सोपं नव्हतं, एवढं त्यातून नक्की कळतं. याच मुहम्मद शाहच्या टंक्यांवर खलजीची नक्कल सुटते, मजकूर बदलतो आणि बापाचं नाव, बिन बहमन शाह, येतं. टाकसाळी दोन: अहसनाबाद म्हणजे गुलबर्गा, आणि फतहाबाद म्हणजे दौलताबाद. फतहाबाद हे नाव वाचता आलं तर नाणं तुमच्या आजोळापासून दिवसभराच्या वाटेवर पाडलेलं आहे असं समजा. पुढे राजधानी बिदरला गेली, तेव्हा नाव येतं मुहम्मदाबाद.

नकला ओळखायला आणखी एक गोष्ट कामाची आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिल्लीत चांदीचा दुष्काळ पडला. फिरोज तुघलकाची चांदी फार थोडी, लोदींची नाणी तर मिश्र धातूची, चांदी नावापुरती. त्यामुळे कोणी “सिकंदर लोदीचा शुद्ध चांदीचा टंका” स्वस्तात देऊ करत असेल तर हात आखडता घ्या. पंधराव्या शतकात चांदी होती ती समुद्राला आणि सरहद्दीला जोडलेल्या राज्यांकडे, म्हणजे बंगाल, गुजरात, माळवा, बहमनी. त्या काळी भारतात चांदी निघायची ती नगण्य. जिथे व्यापार, तिथे चांदी. माळव्याच्या गियास शाहची चौकोनी नाणी, गुजरातच्या महमूद बेगड्याची हलकी चांदीची नाणी, सगळी याच काळातली. तुमचं नाणं गोल आणि ११ ग्रॅमच्या आसपासचं असल्यामुळे गुजरात-माळवा मी मागे ठेवतोय, पण किनारीत शादियाबाद (माळव्याचं मांडू) किंवा चांपानेर (गुजरातचं) असं काही दिसलं तर मला सांगा.

आता घासायचं का नाही, ते. काळपट थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग. तो चांदीतूनच तयार झालेला असतो, वरून बसलेली धूळ नव्हे. घासलं की थराबरोबर वरची चांदी जाते आणि तिच्याबरोबर मघाशी सांगितलेल्या धातू सरकल्याच्या रेघा, ठशाची धार, सगळं जातं. मग नाणं खरं असलं तरी ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. शिवाय थर हाच वयाचा एक साक्षीदार आहे. राखाडी, मेणासारखा जाड पापुद्रा असेल तर तो जमिनीतल्या क्षारांचा, त्याला तर अनुभवी माणसानेही प्रयोगशाळेबाहेर हात लावू नये.

देवघरातलं नाणं असल्यामुळे कुंकू, हळद, चंदन, दुधाच्या अभिषेकाचा चिकट किटण अक्षरांच्या फटीत असणार. तो काढायला हरकत नाही. बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. ब्रश नको, कापसाचा बोळा नुसता टेकवून उचला. तेलकटपणा असेल तर पाण्यात साबणाचा एक थेंब पुरे. नंतर सावलीत सुकवा, उन्हात नको. पाण्याने जेवढं निघेल तेवढंच काढायचं, बाकी राहू द्यायचं. आणि यंदा लक्ष्मीपूजनाला हे नाणं चौरंगावर ठेवलंत तर कुंकू बाजूच्या सुपारीला लावा.

ठेवायला मऊ प्लास्टिकचे अल्बम वापरू नका. पीव्हीसीच्या पाकिटातून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो आणि चांदी खातो. आम्लरहित कागदाचं छोटं पाकीट, वर नीट नोंद, डब्यात सिलिका जेलची पुडी. लोखंडी कपाटात चालेल, कापूर-डांबरगोळ्यांबरोबर नको.

किंमतीचं मी आकड्यात सांगणार नाही, कारण फोटो न बघता आकडा देणारा माणूस एकतर विकायला बसलेला असतो किंवा घ्यायला. एवढं सांगतो: दिल्ली टाकसाळीचा अलाउद्दीनचा टंका विपुल आहे, तो विकून घर बांधता येणार नाही. टाकसाळ देवगीर निघाली, किंवा नाव बहमन निघालं, तर गोष्ट बदलते. साल पूर्ण वाचता येत असेल तर भाव वाढतो, कडी डाग देऊन लावलेली असेल किंवा घासलेलं असेल तर पडतो.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून बॅगेत घालून देणंही त्यातच आलं. दुसरं, नाणं जमिनीत पुरलेलं सापडलं असेल आणि किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुमचं पेटीतलं आहे, पिढीजात आहे, म्हणून हा दुसरा नियम तुम्हाला लागू होत नाही असं दिसतं. पण मामांना एकदा विचारा, हे पेटीत कधी आणि कुठून आलं. वाडा पाडताना मिळालं, शेतात नांगराला लागलं, आजीच्या माहेरून आलं, जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत कागदावर लिहून तारीख घाला आणि नाण्याबरोबर ठेवा. एका हंड्यात चाळीस नाणी सापडली आणि भावांनी वाटून घेतली असं कळलं, तर बाकीची बघण्याआधी तुमच्या एका नाण्यावरून मी काहीच ठरवणार नाही. सोबतच्या नाण्यांवरून ते कधी पुरलं गेलं हे कळतं, आणि ती माहिती एकट्या नाण्याकडे कधीच नसते.

पुढचं काम फोटोचं. पांढऱ्या कागदावर नाणं ठेवा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड डावीकडून. दोन्ही बाजूंचा सरळ वरून एकेक फोटो, मग उजेडाची बाजू बदलून पुन्हा एकेक, कारण पुसट अक्षरं एका उजेडात लपतात आणि दुसऱ्यात उठून दिसतात. चिरेचा आणि छिन्नीच्या घावाचा जवळून, आणि कड दिसेल असा उभा धरून एक. शेजारी मिलिमीटरची पट्टी. हे फोटो मला पाठवा, आणि वजन-घनतेच्या तिन्ही वेळच्या नोंदीही. नावाच्या शब्दात वाटी दिसलीच, तर नाणं घेऊन नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत जा. तिथे ताडून बघायला नाणीही आहेत आणि ग्रंथालयही. पैठणहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत पोचाल.